लोकल माल

मला दिसत नाही. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, कारण मागाहून कळलं की लोक मधेच थांबून "अरेरे" करतात आणि त्या अरेरेनं माझं डोकं फिरतं. जन्मापासूनच दिसत नाही, त्यामुळं काय गेलं याचा मला पत्ताच नाही. तुम्हाला हळहळायचं असेल तर आत्ताच उरकून घ्या. झालं? चला मग.

माझं नाव मुबशिरा. इंदापुरात हायवेला लागून अब्बांचं ताडपत्रीचं दुकान आहे. ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या शिवायच्या, फाटल्या तर ठिगळ लावून द्यायचं, हा आमचा धंदा. कॉलेज मात्र बारामतीला. रोज सकाळी एसटी धरते. वाटेत जंक्शन नावाचं गाव लागतं, तिथं दिपाली चढते. ती कळंबची, माझ्याच वर्गातली, आणि तोंडानं माझ्यापेक्षा दोन पावलं पुढं. माझ्या शेजारी कुणी बसलेलं असलं तर ती त्याला सरळ सांगते, "उठा हो तात्या, ही माझी जागा हाय." तात्या उठतात. दिपालीपुढं कोण बोलणार?

सगळं भांडण सुरू झालं ते एका वाक्यावरून.

परीक्षेला मला लेखनिक मिळायची. म्हणजे मी सांगायचं आणि शेजारी बसलेल्या मुलीनं लिहायचं. मागच्या खेपेला प्रगती नावाची मुलगी दिली होती. गोड आवाज, पेन न थांबता चालायचं. मी खूश. राज्यशास्त्राच्या पेपरात ग्रामसभेवर प्रश्न आला. मी प्रगतीला सांगितलं, "लिही. ग्रामसभेत बायका येतात, मागं बसतात आणि सरपंचबाईच्या जागी तिचा नवरा बोलतो." प्रगतीचं पेन चाललं. मी पुढचं सांगितलं.

निकालानंतर मी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. उगीचच, हौस म्हणून. दिपालीनं एसटीत वाचून दाखवली. त्या जागी लिहिलं होतं, "ग्रामसभेत महिलांचा सहभाग लक्षणीय व उत्साहवर्धक असतो."

"परत वाच," मी म्हटलं.

तिनं परत वाचलं. मग म्हणाली, "मुबे, तू असलं गुळगुळीत कधीपास्नं बोलाय लागलीस गं?"

मी प्रगतीला गाठलं. ती बिचारी घाबरलीसुद्धा नाही. म्हणाली, "अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं. तू सांगितलं तसं लिहिलं असतं तर मार्क कापले असते." आणि खरंच, त्या उत्तराला मार्क चांगले पडले होते. तेच मला जास्त झोंबलं. गप्प बसून लिहिते म्हणून मी जिला डोक्यावर घेतलं होतं, तिनं माझ्या तोंडात दुसऱ्याचं वाक्य कोंबलं आणि वर माझ्यावर उपकार केले. पेपरावर नाव माझं, आत मी कुठंच नाही. असा राग आला की दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी ठरवलं, आता लेखनिक बंद. पुढचा पेपर मी स्वतः लिहिणार, कीबोर्डवर.

परवानगी मिळाली. अटी दोन. कॉम्प्युटर कॉलेजचाच वापरायचा, घरचा लॅपटॉप आणायचा नाही. आणि लॉगिन परीक्षेचं वेगळं, कोरं, त्यात माझी कसलीच फाईल असता कामा नये. बरोबरच आहे, मी म्हटलं. कॉपी करायची नव्हतीच मला. मला फक्त माझं वाक्य माझं हवं होतं.

आता मी कॉम्प्युटर कसा वापरते ते सांगते. स्क्रीनवर जे असतं ते मशीन बोलून दाखवतं. मी टाईप केलं की ते ऐकवतं, चुकलं की मी दुरुस्त करते. त्यासाठी एक बोलणारा प्रोग्राम लागतो. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनांवर विंडोजच्या जागी लिनक्स आहे, त्यात असा एक आवाज आधीपासून होता. जुना. त्याचं मराठी असं होतं, की कुणी चार दिवस मुक्कामाला येऊन शिकून गेलंय. आम्ही दोघी त्याला पाव्हणा म्हणायचो.

पाव्हण्याला ळ येत नव्हता. ळ दिसला की ल म्हणायचा. केळीला केली, काळला काल, टाळीला टाली. अक्षर-अक्षर वाच म्हटलं तरी दोन्हीला "ल"च. डोळस माणूस म्हणेल, त्यात काय एवढं? एवढं असं, की मी लिहिलेलं मला फक्त कानानं तपासता येतं. "काल" आणि "काळ" सारखेच ऐकू आले तर मी नक्की काय लिहिलंय हे मला सांगणार कोण? पुन्हा एखादी प्रगती शेजारी बसवावी लागणार. ते मला नको होतं.

त्याच प्रोग्रामची नवी आवृत्ती निघाली होती, तिला ळ येत होता. पण ती आयती मिळत नव्हती. तिचा सोर्स कोड उतरवून घ्यायचा आणि आपल्या मशीनवर स्वतः कंपाइल करायचा. हॉटेलातून डबा न आणता शिधा आणून घरी चूल पेटवायची, तसलाच प्रकार. माझा भाऊ तौसिफ लोणी देवकरला कंपनीत आहे, त्यानं दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर मी हे आधी करून बघितलं. चुकले, पुन्हा केलं, पुन्हा चुकले, शेवटी जमलं. दिपालीनं आणि मी मिळून आपल्याकडच्या बोलण्यातले शब्दही त्याच्या उच्चारांच्या यादीत भरले. हाय, न्हाय, व्हय, सगळे. मग लॅबच्या मशीनवर बसले.

कंपाइल करायच्या आधी मशीन एक गोष्ट ठरवून मागतं. हा प्रोग्राम तयार झाल्यावर ठेवायचा कुठं? तुम्ही काही बोलला नाहीत तर तो स्वतःच जागा धरतो. त्या जागेचा पत्ता, स्लॅश यूएसआर स्लॅश लोकल. ती जागा अख्ख्या मशीनची, कुणीही लॉगिन केलं तरी सापडणारी. पण तिथं काही ठेवायचं तर मुख्य पासवर्ड लागतो, आणि तो लॅब सांभाळणाऱ्या हिंदुराव सरांकडं. माझ्याकडं नाही. मी आपली गपचूप आज्ञा दिली, तर मशीन म्हणालं, परवानगी नाही.

दुसरा मार्ग असतो. आज्ञेपुढं प्रिफिक्स असं लिहून आपल्या पसंतीची जागा सांगायची. प्रत्येक विद्यार्थ्याला मशीनवर स्वतःचा एक फोल्डर दिलेला असतो, त्याला होम म्हणतात. तिथं कुणाचा पासवर्ड लागत नाही. मी प्रिफिक्समध्ये माझं होम लिहिलं. मला ते फार आवडलं होतं बघा. कुणाच्या पाया पडायचं नाही, आपलं घर, आपला प्रोग्राम!

झालं. हेडफोन लावला आणि टाईप केलं, केळी. कानात आलं, केळी. खरा ळ, जीभ आत वळवून म्हटलेला. मी खुर्चीतच उडाले. दिपालीनं एक हेडफोन ओढून घेतला आणि कावळा, जांभूळ, गोंधळ, असं काय काय टाईप करत सुटली. मागून हिंदुराव सर आले. आम्ही सांगितलं काय केलंय ते. सर म्हणाले, "तुझ्या होममध्ये तू काय पण शिजव. माझी हरकत नाही."

पेपरच्या आधी सराव म्हणून परीक्षेचं लॉगिन उघडून द्या, असं मी सरांना सांगितलं. त्यांनी उघडून दिलं. मी टाईप केलं, केळी.

कानात आलं, केली.

पाव्हणा! परत आला होता. मी पुन्हा टाईप केलं. केली. दिपाली म्हणाली, "आरं देवा, ह्यो हितं कसा?" मला लगेच कळलं. प्रोग्राम माझ्या होममध्ये. परीक्षेचं लॉगिन वेगळं. ते मशीनच्या सामायिक जागेत बघतं आणि स्वतःच्या होममध्ये बघतं. माझ्या घराचं दार त्याला बंद. बंदच असायला हवं, नाहीतर घर कशाला म्हणायचं? आम्ही दोघींनी चूल मांडली आमच्या घरात आणि पंगत बसणार होती चावडीवर. मी स्वतःला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. घर म्हटलं की जीव टाकायची सवय, दुसरं काय!

म्हणजे प्रोग्राम यूएसआर लोकलमध्येच हवा होता. पासवर्ड लागणार होता. मी सरांच्या टेबलापाशी गेले.

सरांनी ऐकून घेतलं. मग खुर्ची मागं सरकवून म्हणाले, "हे बघ मुबशिरा. सिस्टिममध्ये फक्त अधिकृत जागेवरून आलेलं सॉफ्टवेअर जातं. बाहेरून आणून, हातानं कंपाइल केलेला लोकल माल मी आत घेत नसतो."

लोकल माल. बारामतीच्या बाजारात चार्जर घ्यायला जा, दुकानदार पहिल्यांदा विचारतो, "कंपनीचा देऊ का लोकल?" लोकल म्हणजे स्वस्त, गॅरंटी नाही, जळला तर परत यायचं नाही. सर त्याच अर्थानं बोलले.

"सर, जिथं ठेवा म्हणते त्या फोल्डरचं नावच लोकल हाय," मी म्हटलं. "ते नाव काय उगीच ठेवलंय व्हय? हितल्या माणसानं हितं बनवलेलं ठेवायलाच ती जागा केलीया. मग लोकल माल तितं न्हाय ठेवायचा तर कुठं ठेवायचा?"

लॅबमध्ये पोरं खो खो हसली. ते सरांना लागलं. आवाज चढला. "शब्दांचे खेळ माझ्याशी नकोत! मागं एकानं असंच हुशारीनं काहीतरी टाकलं. ऐन प्रॅक्टिकलच्या तोंडावर सगळी लॅब झोपली. बोलणी कुणी खाल्ली? मी खाल्ली." यात खोटं काही नव्हतं. सर मशीनांना जपतात, पावसाळ्यात स्वतःच्या खर्चानं आणलेल्या प्लास्टिकनं झाकतात. पण म्हणून काय मी ळ सोडू?

मग ते जरा नरमले. म्हणाले, "असं कर. तुझ्या होमची परवानगी सगळ्यांना उघडी कर. परीक्षेचं लॉगिन तुझ्या घरातून प्रोग्राम घेईल. मला काही करायला नको, तुला काही मागायला नको."

तसं करता येतं, हे खरं. दोन मिनिटांचं काम. पण त्या फोल्डरात माझं सगळं होतं. नोट्स होत्या, मैत्रिणींना लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या, माझं मन होतं. ते लॅबमधल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडं करू?

"न्हाय करणार," मी म्हटलं. "पाणपोई काढायची तर चौकात काढतात सर. माझ्या स्वयंपाकघरात न्हाय काढत. आणि मी कॉलेज सोडलं की माझं होम तुमी पुसून टाकता. माझ्या मागनं येणारीनं काय करायचं?"

"कोण येणार आहे तुझ्या मागं?"

"यील की कुणीतरी! मी काय शेवटची आंधळी हाय?"

सरांची खुर्ची करकरत पुढं सरकली. मग खालच्या आवाजात, समजावणीच्या सुरात म्हणाले, "कशाला एवढा त्रास करून घेतेस? लेखनिक घे. या वेळी चांगली बघून देतो."

तेवढं बोलले नसते तर मी निमूट घरी गेले असते. मी टेबलावर हात आपटला. "लेखनिक नको! चांगली तर मुळीच नको!" असं ओरडून मी काठी उचलली आणि निघाले. दारात दिपालीच्या पायावर काठी पडली, ती कळवळली, तरी माझ्यामागं चालत राहिली.

घरी सांगितलं. अब्बा ताडपत्री शिवत होते, मशीन थांबवलं. "पोरी, मास्तरांशी भांडून कुणाचं भलं झालंय?" ते म्हणाले. "दार उघडं ठीव म्हणत्यात तर ठीव. पेपर दे, पास हो, मग काय भांडायचं ते भांड." आवाजात राग नव्हता, काळजी होती, त्यामुळं जास्तच वाईट वाटलं. आतून अम्मीचा आवाज आला, "माझ्या लेकीचं कपाट कुणी उचकटलं तर मी हात मोडीन त्याचा. मग मास्तर असू दे न्हायतर कलेक्टर!" अम्मीला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. कपाट कळतं.

भीती मला वाटत होती. नव्हती म्हटलं तर खोटं होईल. पेपर तोंडावर आला होता. पाव्हण्याच्या भरवशावर लिहिलं तर काय लिहिलं ते मलाच कळणार नाही, लेखनिक घेतली तर पुन्हा तेच गुळगुळीत, आणि काहीच नाही केलं तर गैरहजर, वर्ष गेलं. तिन्हीकडून कोंडी. पण रडू येण्याऐवजी मला चेव आला. मी असलीच आहे.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. संजीवनी मॅडम. आडनाव पोळ. भल्या बाई, पण घाईत असतात, अर्धं ऐकून "बघू" म्हणतात. मी म्हटलं, "मॅडम, बघायचं न्हाय, ऐकायचं हाय. लॅबमध्ये चला, तुमचा थोडा वेळ घेते." आल्या. मी परीक्षेच्या लॉगिनमध्ये, हेडफोन काढून, मोठ्यांदा लावलं आणि त्यांचं नाव टाईप केलं.

पाव्हणा म्हणाला, "संजीवनी पोल."

"हे काय? मला खांब केलं?" मॅडम म्हणाल्या. दिपालीला हसू आवरेना. मॅडमनाही आवरलं नाही. पण मग मी सगळं सांगितलं. ल आणि ळ, प्रगतीचं वाक्य, होम, पासवर्ड. हसणं थांबलं. मॅडम म्हणाल्या, "हिंदुराव, करून घ्या हे. आत्ता, माझ्यासमोर."

सर कीबोर्डपाशी बसले. "पासवर्ड मी कुणाला सांगत नसतो," ते म्हणाले.

"नका सांगू. मी सांगते ती आज्ञा टाईप करा."

मी एकेक शब्द सांगू लागले. सर टाईप करत होते आणि मशीन स्पीकरवरून वाचत होतं. प्रिफिक्सपाशी आलो. मी म्हटलं, "स्लॅश यूएसआर स्लॅश लोकल." सरांची बोटं चालली. मशीननं वाचलं, "स्लॅश ऑप्ट स्लॅश दिव्यांग."

मी थांबले. "सर, हे काय लिहिलं?"

"अगं, वेगळा फोल्डर केला. तुम्हा लोकांसाठी खास. सगळं एका ठिकाणी, नीटनेटकं. बाकीच्या सिस्टिममध्ये मिसळणार नाही, आणि उद्या काढायचं झालं तर एका फटक्यात काढता येतं."

"काढायचं झालं तर?"

सरांची बोटं पुढची आज्ञा टाईप करू लागली.

"खोडा ते," मी म्हटलं.

मॅडम मधे पडल्या. "मुबशिरा, काय फरक पडतो? कुठं का असेना, चालल्याशी मतलब. सर आता करतायत ना तुझ्यासाठी?"

तिथं माझी खरी परीक्षा झाली. मॅडम माझ्या बाजूच्या. त्यांनीच हिंदुराव सरांना कीबोर्डपाशी आणून बसवलं होतं. त्यांच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? पण म्हटलं. "फरक पडतो मॅडम. कॉलेजात आमच्यासाठी खास रॅम्प केलाय ना? मागच्या दाराला. त्या दाराला कायम कुलूप असतं, किल्ली कुणाकडं ते कुणाला ठाऊक न्हाय. खास म्हणून बाजूला ठेवलं की आधी लोक विसरतात, मग अडगळ म्हणून काढून टाकतात. सरांनी आत्ताच सांगितलं, काढायला सोपं. मला काढायला सोपं नकोय. जितं सगळ्यांचं सामान हाय तितंच माझं ठेवा."

"तिथं ठेवलं तर या मशीनवर बसणाऱ्या प्रत्येकाला हाच आवाज येईल," सर म्हणाले. "जुना मागं पडेल. सगळ्यांसाठी बदलेल."

"बदलू द्या की! सगळ्यांची भाषा मराठीच हाय ना? ळ काय फक्त आंधळ्यांना लागतो?"

"मला तर लागतोच," दिपाली म्हणाली. "माझं गाव कळंब हाय सर. पाव्हणा त्याला कलंब म्हणतो. ऐकून लाज वाटती."

मी सरांच्या बाजूला तोंड वळवलं आणि म्हटलं, "मी सांगितलं तेच लिहा, सर. त्यात सुधारणा करू नका. तुमच्या मते चांगली असली तरी नको."

खोडायचं बटण टकटक वाजलं. मग मशीननं नव्यानं वाचलं, स्लॅश यूएसआर स्लॅश लोकल. मी पुढची आज्ञा सांगितली.

कंपाइल सुरू झालं. संपलं. सरांनी शेवटची आज्ञा दिली, पासवर्ड टाकला, प्रोग्राम जागेवर गेला. परीक्षेचं लॉगिन पुन्हा उघडलं आणि मशीन मुकं झालं. ना पाव्हणा, ना नवा. काहीच नाही.

"बघा! म्हटलं नव्हतं मी?" सर जवळजवळ आनंदानं म्हणाले. "मॅडम, मी हे काढून टाकतो, जुनं तरी राहील."

"हात काढा कीबोर्डवरचा," मी म्हटलं. आवाज नसेल तर मी त्या खोलीत खरंच आंधळी. पण लॅपटॉपवर हेच झालं होतं, ते आठवलं. नव्या जागी सामान ठेवलं तरी मशीनला त्याची वर्दी द्यावी लागते, त्याची एक वेगळी आज्ञा असते. "एल, डी, सी, ओ, एन, एफ, आय, जी," मी सांगितलं. "दिपे, वाच सर काय लिहित्यात ते."

"तेच लिहिलंय," दिपाली म्हणाली.

"आता मॅडमचं नाव टाका."

सरांनी टाकलं. एक क्षण काहीच नाही. मग स्पीकरमधून, स्वच्छ, आपल्या माणसासारखा आवाज आला, "संजीवनी पोळ."

मॅडम हळूच म्हणाल्या, "हो, मीच." दिपालीनं मला इतक्या जोरात मिठी मारली की माझी काठी खाली पडली. सरांनी ती उचलून माझ्या हातात दिली. म्हणाले, "उद्या लॅबमध्ये काही बिघडलं तर मी तुलाच बोलावीन. लक्षात ठेव."

"बोलवा. येते मी," मी म्हटलं. मी ते मनापासून म्हटलं होतं. लोकल मालाला गॅरंटी नसते म्हणतात ना, मग गॅरंटी मी.

पेपरच्या दिवशी मला वेगळ्या खोलीत बसवलं. एक मशीन, एक मी आणि पहाऱ्याला एक बाई, ओळखीच्या नव्हत्या. हेडफोन लावला. प्रश्न होता, स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दुर्बल घटकांना मिळणारं प्रतिनिधित्व. मी बोटं चोळली आणि लिहायला लागले. शब्द टाईप व्हायचा, कानात यायचा, ल तो ल, ळ तो ळ. कुठं चुकलं ते मला कळत होतं, आणि चुकलं की मीच दुरुस्त करत होते. असं कधी झालं नव्हतं. इतकी वर्षं मी परीक्षा सांगत आले होते, आज पहिल्यांदा देत होते.

एका जागी मी लिहिलं, "अंध व्यक्तीला समितीच्या बैठकीला आवर्जून बोलावतात, तिचा सत्कार करतात, फोटो काढतात आणि मग तिच्या हातात छापील कागद ठेवून मत विचारतात."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. त्या बाई माझ्या मागं येऊन उभ्या होत्या, स्क्रीन वाचत होत्या. मी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. त्या वाकून, अगदी मायेनं म्हणाल्या, "बाई गं, असं बोचरं नको लिहूस. तपासणाऱ्यांना आवडत नाही. जरा बदल ते वाक्य. उगीच मार्क जातील."

"जाऊ द्या मॅडम," मी म्हटलं. "माझे जातील."

मी हेडफोन कानावर ओढला, वाक्य एकदा पूर्ण ऐकून घेतलं आणि पूर्णविराम दिला.